त्याला थंडी लागते!

ओमियाचं बोन्साय गाव, कारुइझावाचं सोनेरी जंगल आणि टोकियोतली एक चिमुकली बाल्कनी. लार्च नावाच्या झाडामागे केलेली दोन वर्षांची भटकंती.

ऑनसाइटला निघताना आपल्या बॅगेत काय असतं? गोडा मसाला, मेतकूट, छोटा कुकर आणि आईच्या सूचना. येताना काय असतं? चॉकलेटं, कॅमेरा आणि मावशीने सांगितलेली ती तीन घड्यांची जपानी छत्री. माझ्यासोबत येताना एक झाडही येणार होतं. वीतभर उंचीचं, चपट्या कुंडीतलं. ते आलं नाही. का आलं नाही, त्याचीच ही गोष्ट.

पत्ता : बोन्साय-चो

टोकियोत माझा मुक्काम होता निशीकासाईला. आयटीवाल्या भारतीयांची तिथे इतकी वस्ती आहे की हिंगापासून पोह्यांपर्यंत सगळं कोपऱ्यावर मिळतं. पहिला महिना मजेत गेला. मग एप्रिलच्या शेवटी आली गोल्डन वीकची सुट्टी. अख्खं जपान एकाच वेळी फिरायला निघतं तो आठवडा! फुजीला जायचं बुकिंग मिळेना, डिस्नेलँडच्या रांगा बघूनच धाप लागली. तेव्हा टीममधल्या एका जपानी सहकाऱ्याने सुचवलं, ओमियाला जा, बोन्सायची जत्रा असते.

उएनोहून उत्सुनोमिया लाइनची लोकल पकडली की अर्ध्या तासात तोरो नावाचं छोटं स्टेशन येतं. तिथून पाच मिनिटं चाललं की बोन्साय गाव. हे काही दुकानाचं नाव नाही बरं का, पोस्टाच्या पत्त्यातच ‘बोन्साय-चो’ लिहितात! १९२३च्या महाभूकंपात टोकियोची वाताहत झाली. शहरातल्या बोन्साय करणाऱ्या माळ्यांना मोकळी जागा, चांगली माती आणि स्वच्छ पाणी हवं होतं. १९२५पासून ते इथे येऊन राहिले. गावात राहायचे नियमही मस्त होते. घरी किमान दहा बोन्साय हवेत, बाग लोकांना बघायला खुली ठेवायची, दुमजली घर बांधायचं नाही आणि कुंपण भिंतीचं नको, झाडांचं हवं. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगच्या नियमांपुढे हे नियम मला फारच रोमँटिक वाटले.

आता नर्सऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. पण रस्त्यांना अजून झाडांची नावं आहेत आणि २०१०मध्ये इथे सरकारी बोन्साय म्युझियमही झालंय. दरवर्षी ३ ते ५ मे या दिवसांत गल्ल्यांमधून स्टॉल लागतात. कुंड्या, कात्र्या, तारा, माती, रोपं... आपली तुळशीबागच समजा, फक्त कुणी ओरडत नाही.

एका स्टॉलवर मी थबकले. पोपटी रंगाचे छोटे छोटे झुपके सगळ्या फांद्यांवर लागलेले. मनालीला देवदार पाहिलाय ना तुम्ही? साधारण तशीच सुईसारख्या पानांची गुच्छी, पण हात लावला तर चक्क मऊ! पाटीवर नाव होतं करामात्सु. म्हणजे जपानी लार्च. किंमत दोन हजार येन. सगळ्यात उंच, सगळ्यात झुपकेदार रोप मी उचललं. स्टॉलवरचे आजोबा माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, माझी चॉइस आवडली त्यांना.

वाळलं की काय?

उन्हाळाभर मी त्या झाडाची अगदी बडदास्त ठेवली. टोकियोचा ऑगस्ट म्हणजे पारा पस्तीसच्या पुढे आणि वर मुंबईसारखा घाम. लार्च मुळात डोंगरातलं झाड. त्याला ऊन हवं, पण तापलेली कुंडी सोसत नाही. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारी सावलीत सरकवायचं, पाणी दिवसातून दोनदा. ऑफिसला निघताना आणि आल्यावर. काही सुयांची टोकं करपली, पण झाड तगलं.

आणि मग नोव्हेंबर आला. सुया पिवळ्या पडल्या. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून जास्त घातलं. आठवड्याभरात त्या गळायला लागल्या. फांदीला हात लावला की भुरुभुरु खाली. दहा दिवसांत उरल्या नुसत्या काड्या! व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, तर ती म्हणाली, ‘‘अगं, वाळलंय ते. टाकून दे. वाळकं झाड घरात ठेवू नये.’’

पण टाकवेना. त्याला थंडी बाधली असणार, असं लॉजिक मी लावलं आणि कुंडी उचलून आत आणली, हीटरच्या शेजारी. वर एक जुना मफलरही गुंडाळला. हसू नका! पुण्यात वाढलेल्या मुलीला थंडीवर दुसरा उपाय काय सुचणार?

शेवटी डिसेंबरमधल्या एका शनिवारी त्या सहकाऱ्याला दुभाषा म्हणून पटवलं आणि झाड पिशवीत घालून पुन्हा ओमिया गाठलं. आजोबांनी कुंडी हातात घेतली, मफलर बाजूला केला, काही बोलले नाहीत. एका बारीक फांदीवर नखाने जरासं खरवडलं. सालीखाली ओला हिरवा रंग! मग फांदीवरचे डोळे दाखवले. छोटे, गोल, चकचकीत तपकिरी. त्यांचं म्हणणं सहकाऱ्याने सांगितलं ते असं, ‘‘झोपलंय ते. हीटरजवळ झोप कशी लागणार? बाहेर ठेवा.’’

तर मंडळी, फंडा असा आहे. पाइनच्या कुळातली बहुतेक झाडं वर्षभर हिरवी राहतात. लार्च मात्र त्या कुळातलं असूनही दर हिवाळ्यात सगळी पानं गाळतं. जपानीत करामात्सु लिहायची जी एक पद्धत आहे, त्या अक्षरांचा अर्थच होतो ‘पानं गाळणारं पाइन’. बिचारं नावातच सांगत होतं, मला वाचता येत नव्हतं! ही झोप त्याच्यासाठी ऐच्छिक नाही. कित्येक आठवडे सलग गारठा मिळाला तरच वसंतात त्याचे डोळे नीट फुटतात. गरम खोलीत ठेवलं तर ते अवेळी जागं होतं, अपुऱ्या उजेडात लांबट, फिकी पानं काढतं आणि हळूहळू संपतं.

आजोबांनी त्याच दिवशी, अगदी सौम्यपणे, माझ्या चॉइसचीही चिरफाड केली. पानं गळाल्यामुळे आता सगळं उघडं दिसत होतं. बुंधा पेन्सिलीएवढा, खालपासून वरपर्यंत सारखाच. मुळं एकाच बाजूला. खालच्या फांद्या गायब, सगळा पसारा शेंड्याला. मे महिन्यात मी हिरवळ विकत घेतली होती, झाड बघितलंच नव्हतं. ‘‘लार्च हिवाळ्यात निवडायचं,’’ आजोबा म्हणाले. ‘‘तेव्हा त्याला काही लपवता येत नाही.’’

जपानचं महाबळेश्वर

निघताना आजोबा म्हणाले, एकदा कारुइझावाला जाऊन या. होकुरिकु शिंकानसेन टोकियोहून निघते आणि ओमियावरूनच पुढे जाते. आधी टोकियोची उपनगरं, मग शेतं, मग बोगदे आणि साधारण सव्वा तासात तुम्ही हजार मीटर उंचीवर! नागानोपर्यंतची ही लाइन १९९७मध्ये, तिथल्या १९९८च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या आधी सुरू झाली. कारुइझावा म्हणजे जपानचं महाबळेश्वर. १८८६ साली अलेक्झांडर क्रॉफ्ट शॉ नावाचा कॅनडात जन्मलेला एक मिशनरी उन्हाळ्यात इथे आला, त्याला हवा आवडली आणि मग बंगल्यांची रांगच लागली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जॉन लेनन आणि योको ओनो उन्हाळ्यात इथे यायचे, माम्पेइ हॉटेलात उतरायचे. बीटल्सप्रेमींनी नोंद घ्यावी.

मी मात्र गेले जानेवारीत. स्टेशनबाहेर पडले आणि नाकाचा शेंडा गायब झाल्यासारखा वाटला. जुन्या कारुइझावातून मिकासा हॉटेलच्या जुन्या इमारतीकडे जो रस्ता जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना उंचच उंच लार्च आहेत. सरळसोट, एकालाही पान नाही. खाली बर्फ, वर करड्या काड्या आणि मागे आसामा नावाचा जिवंत ज्वालामुखी. अख्खं जंगल माझ्या कुंडीतल्या झाडासारखं दिसत होतं! हजारो झाडं, सगळी ‘वाळलेली’, आणि कुणालाही काळजी नाही. बर्फातून मुलं घसरगुंड्या खेळत होती, कॉफी शॉपमध्ये गर्दी होती.

आईला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला, ‘‘अगं बाई! सगळीच गेली की!’’

त्या रस्त्यावर उभी असताना मला आजोबांचं म्हणणं नीट कळलं. कुंडीतलं झाड छोटं असलं, तरी त्याची गरज छोटी होत नाही. त्याला ऊन मोठ्या झाडाइतकंच हवं आणि हिवाळाही पूर्णच हवा. बोन्साय म्हणजे घरात ठेवायचं शोपीस, हा माझा समज तिथेच त्या बर्फात गळून पडला.

पाच काड्यांचं जंगल

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा ओमिया. यावेळी बायोडेटा तपासतात तसं एकेक रोप तपासलं. आधी वरची माती बोटाने बाजूला करून मुळं बघायची. ती बुंध्याभोवती चारही बाजूंना पसरलेली हवीत, पंख्याच्या पात्यांसारखी. मग खोड खाली जाड आणि वर निमुळतं होतंय का. मग खालच्या फांद्या आहेत का, कारण शेंडा कधीही छाटता येतो, पण बुंध्याजवळ फांदी हवी तिथे सहज मिळत नाही. शेवटी डोळे. टपोरे आणि जवळजवळ असले तर उत्तम.

असं देखणं एक झाड मिळालंही. किंमत ऐकून परत ठेवलं. आजोबांनी तेव्हा कोपऱ्यातली एक जुडी काढली. जंगल लावायला वापरतात तसली बारीक, सरळ रोपं. लार्चचा हा आणखी एक फायदा. स्वभावानेच सरळ वाढतं, त्यामुळे एकट्याने हिरो होणार नसलेली रोपं एकत्र लावली की छान जंगल होतं. मी पाच घेतली. आकडा विषम ठेवायचा. सगळ्यात जाड आणि उंच झाड आधी, पण ट्रेच्या बरोबर मध्यावर नाही, जरा बाजूला. बाकीची त्याच्या आसपास, कमी-जास्त अंतरावर. कुठलीही तीन झाडं एका रेषेत येता कामा नयेत आणि बारकी झाडं कडेला किंवा मागे, म्हणजे खोली दिसते.

लावायची वेळ मात्र चुकवायची नाही. डोळे फुगलेत, टोकाला हिरवा ठिपका दिसतोय, पण पान उघडलेलं नाही. वर्षातले तेवढेच काही दिवस! त्या आठवड्यात नेमकं आमचं रिलीज होतं. मी रात्री अकराला घरी येऊन टॉर्चच्या उजेडात बाल्कनीत मुळं छाटली आहेत. साधारण एक तृतीयांश, त्याहून जास्त नाही. मग अकादामा नावाची दाणेदार माती घातली, रोपं तारेने ट्रेला बांधली, पाणी दिलं. शेजारच्या काकूंनी पडदा सरकवून दोनदा पाहिलं.

एप्रिलमध्ये पाचही काड्यांवर पोपटी झुपके आले. आणि पहिलं झाड, ते माझं ‘चुकीचं’ झाड, त्याच्यावरही! हीटर आणि मफलर सोसूनसुद्धा. त्याचा शेंडा आजोबांच्या सांगण्यावरून कापला होता. त्याला आता डौल नव्हता, पण जीव होता.

नोव्हेंबरमध्ये परत कारुइझावाला गेले. तेच रस्ते, पण सगळं सोनेरी. वाऱ्याची झुळूक आली की सोन्याच्या सुयांचा पाऊस पडत होता. केसांत, कॉलरमध्ये, कॉफीच्या कपात. घरी आले तर बाल्कनीतही तसाच पाऊस, बशीभर. यावेळी मी कुंडी आत आणली नाही.

आणि पुणे

प्रोजेक्ट मार्चमध्ये संपलं. कागदपत्रांचा सोपस्कार आहेच. भारतात जिवंत रोप आणायचं तर २००३च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना लागतो, तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि माती तर आणताच येत नाही. तेही केलं असतं एक वेळ. खरी अडचण वेगळी होती. पुण्याच्या डिसेंबरमध्ये पहाटे आपण स्वेटर घालतो, पण दुपारी पारा तिशीला टेकतो. लार्चच्या लेखी हा हिवाळाच नाही. पहिली दोनेक वर्षं ते कसंबसं काढेल, मग डोळे फुटणं बंद होईल.

‘‘फ्रिजमध्ये ठेवू या का दोन महिने?’’ मी आईला विचारलं.

‘‘माझ्या कोथिंबिरीला जागा नाही फ्रिजमध्ये,’’ आई म्हणाली.

भारतात लार्च नाही असं नाही. सिक्कीमच्या उत्तरेला, तीन हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर, हिमालयातला लार्च उगवतो. तोही पानं गाळतो, तोही सोनेरी होतो. पण कोथरूड म्हणजे सिक्कीम नव्हे. मला घरी यायचं होतं आणि त्याला माझ्या घरी जगता येणार नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सहकारी मूळचा नागानोचा. त्याचे आई-वडील अजून तिथेच राहतात. करामात्सुच्या माहेरीच म्हणा ना! शेवटच्या रविवारी आम्ही ट्रे आणि ती एकटी कुंडी घेऊन शिंकानसेनने गेलो. त्याच्या आईने अंगणात उत्तरेकडच्या भिंतीशी फळी मांडून ठेवली होती. मी ट्रे ठेवला, पाणी घातलं, आणि मग उगाचच अजून एकदा घातलं. परत येताना गाडीत हात रिकामे होते, तर मोबाइल काढून बसले.

आता पुण्यात आमच्या गच्चीवर एक वड आहे. सोसायटीच्या पाइपमागच्या भेगेत उगवला होता, बाबांनी अलगद सोडवला. त्याला गारठा नको, ऊन आणि दमट हवा पाहिजे. मुळं छाटायची तीही उन्हाळा सरता सरता, पाऊस तोंडावर आला की. इथलं झाड, इथलं वेळापत्रक. बुंधा बघून घेतलाय, मुळं चारही बाजूंना आहेत!

गेल्या आठवड्यात नागानोहून फोटो आला. पाच काड्या आणि बाजूला एकटी एक, सगळ्यांवर बोटभर बर्फ. आईने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

‘‘अगं, बाहेर काय ठेवलंय त्यांनी? थंडी लागेल ना त्याला!’’

‘‘हो आई,’’ मी म्हटलं. ‘‘त्याला थंडी लागतेच.’’

जायचंय?

• ओमिया बोन्साय गाव : तोरो स्टेशनहून चालत पाच मिनिटं. गुरुवारी जाऊ नका, म्युझियम आणि बहुतेक नर्सऱ्या बंद असतात. नर्सऱ्यांमध्ये फोटो काढण्यापूर्वी विचारा.
• कारुइझावा : लार्चचं सोनं बघायचं तर ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा.

तिकडे राहताय? मग लार्च पाळा!

(लंडन, बर्लिन, टोरांटो, टोकियोवाल्यांसाठी. पुणे-मुंबईकरांनी वड, उंबरावर प्रेम करावं.)

• कुठला? जपानी लार्चच्या कोवळ्या फांद्या लालसर, युरोपियन लार्चच्या पिवळट. कॅनडात टॅमरॅक हा तिथला लार्च मिळतो. तुमच्या भागात जो सहज वाढतो तो घ्या.
• कधी घ्यायचा? पानं गळाल्यावर. आधी मुळं, मग खोड, मग खालच्या फांद्या, शेवटी उंची. शंका आली तर बारीक फांदीवर नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर जिवंत.
• कुंडी बदलणं : वसंताच्या तोंडावर, डोळे हिरवे होताना.
• तार : पानं नसताना गुंडाळा, फांद्या छान वळतात. उन्हाळ्यात फांदी भराभर जाड होते, म्हणून दर आठवड्याला बघा. तार सालीत रुतायच्या आत कापून काढा, ओढून नको.
• छाटणी : मोठ्या फांद्या हिवाळा सरताना. नवे लांब धुमारे वाढले की थोडे डोळे ठेवून खुडा.
• पाणी : वाढीच्या दिवसांत भरपूर, पण कुंडीत तुंबता कामा नये.
• हिवाळा : बाहेर, कायम बाहेर. कडाक्याच्या थंडीत कुंडीतली मुळं गोठू नयेत म्हणून कुंडी जमिनीत किंवा पालापाचोळ्यात पुरून ठेवा. मफलर नको!